साडूंचं कॉलेज आणि चारची गाडी

कॉलेजं कशासाठी निघतात हे आता कुणाला समजावून सांगायला नको. कुणी वडिलांचं नाव राहावं म्हणून काढतं, कुणी निवडणुकीवर डोळा ठेवून काढतं, कुणाला पडीक जमिनीचं काय करावं ते सुचत नाही म्हणून काढतं. पण संध्याकाळी गप्पा मारायला माणूस मिळावा, एवढ्याच कारणासाठी अख्खं कला महाविद्यालय काढणारा गृहस्थ उभ्या वऱ्हाडात एकच झाला, आणि माझं नशीब असं की तो माझा थोरला साडू निघाला. साडू हे नातंच मुळात अजब. भाऊ म्हणावं तर रक्त वेगळं, मित्र म्हणावं तर निवड आपली नव्हे. दोन बहिणींनी दोन परक्या पुरुषांना एका पंगतीत शेजारी-शेजारी बसवून दिलेलं असतं, आणि त्यातला एक बोलका निघाला की दुसऱ्याचं वरण निवतं. पहिल्या दिवाळसणाला मी सासरी जेवायला बसलो तेव्हा शेजारच्या पाटावरून मला प्रश्न आला, "साडभाऊ, एक सांगा. माणूस मेला का त्यानं शिकलेलं कुठी जाते?" माझ्या हातात पुरणपोळीचा पहिला घास होता. मी म्हटलं, जेवण झाल्यावर सांगतो. जेवण झाल्यावर मी झोपलो. तो प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे लागला तो लागलाच.

त्यांचं गाव अंजनगाव सुर्जीहून अचलपूरकडे जाताना लागतं. म्हणजे लागतो तो फाटा, गाव आत आहे. घरची काळी जमीन, संत्र्याची बाग, विहिरीला पाणी, दारात ट्रॅक्टर. खाऊनपिऊन सुखी माणूस. पण तरुणपणी वडिलांनी त्यांना बी.ए. करायला अमरावतीला धाडलं आणि तिथेच घात झाला. होस्टेलात शेजारच्या खोलीत एक तत्त्वज्ञानाचा, समोर एक इतिहासाचा, कोपऱ्यावर एक नुसताच वाद घालणारा. जेवणं झाली की खाटा बाहेर ओढायच्या आणि देव आहे की नाही यावरून एकमेकांच्या उरावर बसायचं. अशी तीन वर्षं गेली, मग वडील थकले आणि हे बागेत परत आले ते कायमचे. गावात माणसं होती, बोलकीही होती. पण बोलणं फवारणीपासून सुरू व्हायचं आणि मंडीच्या भावावर संपायचं. यांनी मध्येच आत्म्याचा विषय काढला की लोक चपला शोधायला लागत. "झाडं आयकते सारं," ते मला एकदा म्हणाले, "पन उलटून बोलत नाही. संत्र्याशी किती बोलावं मानसानं?"

घरात अक्का होत्या, माझ्या बायकोची थोरली बहीण. अक्कांचं सगळं बोलणं 'बरं' या एका शब्दात मावायचं. पाऊस आला, बरं. गाय व्याली, बरं. पोरगी नवऱ्याबरोबर पार बंगलोरला राहायला निघाली, बरं. फक्त त्या वेळचं 'बरं' जरा ओलं होतं. एकदा म्हणे साडूंनी दुपारभर बसून जग ही कशी माया आहे ते अक्कांना समजावलं. अक्कांनी वांगी निवडता निवडता सगळं ऐकून घेतलं, शेवटी 'बरं' म्हणाल्या आणि कांदे संपल्याची आठवण करून दिली. अक्कांसारखी श्रोती मिळायला पुण्य लागतं, असं मी म्हणायचो. साडू म्हणायचे, पुण्य आहेच, पण वाद घालायला माणूस पायजे.

आणि मग एके वर्षी बाग चांगली फळली आणि त्यांनी ठरवलं की माणसं आपल्याकडे येत नसतील तर आणवायची. कॉलेज काढायचं. कॉलेज म्हटलं की प्राध्यापक आले. मराठीचा एक, इतिहासाचा एक, तत्त्वज्ञानाचा एक. हे सगळे गावात राहतील, संध्याकाळी ओसरीवर येतील, आणि होस्टेलचे ते दिवस परत येतील. इतका साधा हिशेब. सगळ्या शहाण्यांनी त्यांना समजावलं की बाप्पा, काढायचंच तर डी.एड. काढा, फार्मसी काढा, चार पैसे तरी सुटतील, आर्ट्सला आता कुत्रं विचारत नाही. साडू ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "फार्मसीवाला मोजते. बोलत नाही तो."

विद्यापीठाची समिती पाहणीला आली त्या दिवशी मी तिथे होतो. जागा म्हणून दाखवायला होती ती संत्र्याची पॅकिंगची शेड, ग्रंथालय म्हणून होतं ते यांचं लोखंडी कपाट. तीन मोठे प्राध्यापक मोटारीतून उतरले ते नकार द्यायच्याच तोंडानं उतरले. पण शेडमध्ये शिरायच्या आधी ते ओसरीवर टेकले, आणि ओसरीवर टेकलेला माणूस म्हणजे साडूंची शिकार. चहा आला, बोलणं सुरू झालं. जेवण आलं, बोलणं चालूच. शिकलेलं कुठी जाते हा प्रश्न त्यांनाही विचारून झाला. त्यावर एकानं गंभीर होऊन ग्रंथांचे दाखले दिले, दुसऱ्यानं ते खोडले, साडूंचा चेहरा असा फुलला की विचारू नका. उन्हं कलली तेव्हा समितीच्या अध्यक्षांनी मला बाजूला घेऊन विचारलं, अहो, यांना मान्यता दिली तर आम्हाला जाता येईल का? मी म्हटलं, बहुतेक. कॉलेजला मान्यता मिळाली ती अशी, सुटकेपोटी. आजही कॉलेजच्या वर्धापनदिनी हे कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

पहिल्या वर्षी कॉलेजात पोरं कमी आणि संत्री जास्त होती. वर्ग शेडमध्ये भरायचे, पोरं लाकडी पेट्यांवर बसायची, आणि बागेचा तोडा सुरू झाला की पेट्या भरायला लागायच्या म्हणून कॉलेजला सुट्टी. पोरं म्हणजे तरी काय, निम्म्याहून जास्त पोरीच. आजूबाजूच्या खेड्यांतल्या, बारावी होऊन घरी बसलेल्या, लग्नाची वाट बघणाऱ्या. अमरावतीला कुणी पाठवत नव्हतं, फाट्यावर पाठवायला बापांची हरकत नव्हती. त्या पोरींच्या अंगाला दिवसभर संत्र्याचा वास यायचा. पुढे शेडच्या बाजूला पक्क्या खोल्या झाल्या, फळा आला, पाटी लागली, तरी जुन्या पोरी कधी भेटल्या की आधी शेडचंच विचारतात.

आता मी यात कसा सापडलो ते सांगतो. मी इतिहासाचा एम.ए., अकोल्याला एका शिकवणी वर्गात नागरिकशास्त्र शिकवून बरा चाललो होतो. एका रविवारी साडू घरी आले, पाटावर बसले आणि म्हणाले, इतिहास सांभाळा. मी टाळाटाळ केली. मग अक्कांचा निरोप माझ्या बायकोला आला, आणि तो काय होता ते मला आजतागायत कळलेलं नाही, पण महिन्याच्या आत मी फाट्यावर उतरत होतो. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, तसं. पगाराचं म्हणाल तर पहिली काही वर्षं तो मुख्यतः संत्र्यांच्या रूपात यायचा. आमच्या पोरांना अजून संत्रं नको वाटतं. आधी मी अकोल्याहून येऊन-जाऊन करायचो; पुढे पोरांच्या क्लासेससाठी आम्ही अमरावतीला राजापेठेत बिऱ्हाड केलं आणि मी तिथून रोज येऊन-जाऊन करू लागलो. मराठीच्या बाई अमरावतीहून येऊन-जाऊन, तत्त्वज्ञानाचे सर अचलपूरहून येऊन-जाऊन, ग्रंथपालसुद्धा येऊन-जाऊन. आमच्याकडे याला अप-डाउन म्हणतात, आणि वऱ्हाडातली अर्धी नोकरदार मंडळी अप-डाउनमध्येच म्हातारी होतात.

साडूंच्या साऱ्या बेताला सुरुंग लागला तो इथे. माणसं आली, पण संध्याकाळ आली नाही. अंजनगावहून चारला सुटणारी अमरावतीची लाल गाडी साडेचारच्या सुमारास फाट्यावर यायची, आणि ती यायच्या आधी सगळा प्राध्यापकवर्ग पिशव्या काखोटीला मारून फाट्यावर हजर. साडू बोलत बोलत आमच्याबरोबर फाट्यापर्यंत चालत यायचे. ऐन वाक्याच्या मध्यात वळणावर गाडी दिसायची. ते थांबायचे, म्हणायचे, "बरं, बाकीचं उद्या." उद्या पुन्हा तेच. चारची गाडी हा त्यांचा शत्रू झाला. शेजाऱ्याशी बांधावरून भांडण असावं तसं त्यांचं त्या गाडीशी होतं.

लढाई त्यांनी मनापासून लढली. आधी कॉलेजच्या भिंतीवरचं घड्याळ मागे केलं. पण सगळ्यांच्या मनगटावर घड्याळं होती. मग तत्त्वज्ञानाचा तास शेवटी ठेवला; तर त्या सरांनी माया, ब्रह्म आणि मोक्ष असं सगळं चार वाजेपर्यंत उरकायचं कसब कमावलं. मग साडूंनी रोडग्यांचा बेत काढला. रोडगे ज्यांना माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, जाड्या कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरात निवांत भाजायचे, वर तूप, सोबत वांग्याची भाजी. चीज अशी की कुणी नाही म्हणत नाही, आणि भाजायला वेळ इतका की कुणी लवकर उठू शकत नाही. यांनी आर पेटवला तोच मुळी तीन वाजता. डाव आमच्या ध्यानात आला, पण वास सुटला होता. सव्वाचार झाले, रोडगे आत अजून कच्चे. मराठीच्या बाईंनी शांतपणे वर्तमानपत्र मागितलं, अर्धेकच्चे रोडगे त्यात बांधले, भाजी डब्यात घेतली, आणि आम्ही सगळे फाट्याकडे निघालो. त्या दिवशी कंडक्टरनंही खाल्ले. गाडी हलली तेव्हा मी खिडकीतून मागे पाहिलं. साडू फाट्यावर उभे होते, हातात चिमटा तसाच.

शेवटचा उपाय म्हणून त्यांनी प्राध्यापकांसाठी पाच खोल्यांची चाळ बांधली. पुढे ओटा, ओट्यावर खाटा टाकायला भरपूर जागा. ती जागा त्यांनी स्वतः आखून घेतली होती. एकही माणूस राहायला आला नाही. कुणाच्या पोरांची शाळा, कुणाच्या आईचं दवाखान्याचं, माझ्या घरी राजापेठ सोडायची गोष्टच काढायची सोय नव्हती. हळूहळू खोल्यांत ठिबकच्या नळ्या आल्या, खताची पोती आली. पण दर दिवाळीला साडू त्या पाचही खोल्या रिकाम्या करून चुना मारून घेत, आणि आठवडाभर तशाच मोकळ्या ठेवत. कशाला, असं मी एकदाच विचारलं. कोनी आलं तं, असं म्हणाले.

हे सगळं असूनही कॉलेज चाललं. साडू अध्यक्ष होते, पण कार्यालयात कधी बसले नाहीत. ते वर्गात शेवटच्या पेटीवर बसायचे. मी एखाद्या राजाचा पराभव शिकवत असलो की मागून आवाज यायचा, "पन सर, तो लढलाच कावून?" मी कारणं सांगायचो, ती त्यांना पटायची नाहीत, आणि तास त्यातच संपायचा. पोरी तोंडावर ओढणी धरून हसायच्या. पुढे पुढे त्यांनाही तेच वळण लागलं. पुस्तकात दिलंय यावर त्यांचं समाधान होईना; त्याही कावून विचारायला लागल्या. एका मुलीनं तर पाहायला आलेल्या स्थळालाच इतके कावून विचारले की ते लोक चहा टाकून गेले. तिचा बाप भांडायला कॉलेजात आला, त्याला साडूंनी ओसरीवर बसवलं, आणि तो अंधार पडल्यावर हसत घरी गेला. ती मुलगी आज आमच्याच कॉलेजात शिकवते. अर्थात अप-डाउन करून.

वर्षं गेली. प्राध्यापकांनी दुचाक्या घेतल्या, मग मोटारी घेतल्या. आता तर ते साडेचारपर्यंतही थांबत नाहीत. मी निवृत्त झालो. आणि दोन उन्हाळ्यांपूर्वी अक्का गेल्या, काही न बोलता, त्यांच्या पद्धतीनं. तेरवीला माणसं खूप होती. जेवणं उरकली, गाड्या निघायला लागल्या, तेव्हा साडू ओसरीच्या खांबाला टेकून बसले होते. मी जवळ जाऊन टेकलो. ते म्हणाले, "साडभाऊ, आता 'बरं' म्हनायले बी कोनी नाही राह्यलं." आयुष्यभर त्या शब्दाची थट्टा केलेला माणूस. मला फार वाईट वाटलं. आमची मोटार दारात उभी होती, मुलगा हॉर्न वाजवत होता.

त्यानंतर काही महिन्यांनी बातमी आली की चारची गाडी बंद होणार. मला वाटलं, हे पेढे वाटतील. झालं उलटंच. प्राध्यापक मोटारीत गेले तरी पोरी अजून त्याच गाडीनं घरी जात होत्या, अचलपूरपर्यंतच्या खेड्यांतल्या. गाडी बंद म्हणजे पोरी घरी, आणि पोरी घरी म्हणजे कॉलेजला कुलूप. साडू धोतर सावरत आगारात गेले. साहेबानं सांगितलं, आजोबा, गाडीत सगळे पासवाले. तिकीट काढणारा कुणी नाही, भारमान बसत नाही. एवढंच ना, असं म्हणून हे परत आले, आणि दुसऱ्या दिवसापासून चारच्या गाडीनं रोज अचलपूरला जाऊ लागले. कामबिम काही नाही. तिथे स्टँडवर चहा घ्यायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायचं. त्यातही गंमत अशी की त्यांच्या वयाला प्रवास फुकट आहे. फुकट जाणाऱ्याचं भारमान कोन धरते, असं म्हणून हे पूर्ण तिकिटाला अडून बसले. कंडक्टरनं समजावून पाहिलं. शेवटी यांनी आपलं वय साठच्या आत असल्याचं ठासून सांगितलं. तोंडात दात नाहीत, कानाला यंत्र. कंडक्टरनं हात जोडले आणि तिकीट दिलं. गाडी आजवर चालू आहे.

हे सगळं मला त्या कावूनवाल्या मुलीनं फोनवर सांगितलं. ती अचलपूरची, मोटार परवडत नाही म्हणून अजून गाडीनंच जाणारी. म्हणाली, सर, तुम्ही एकदा बघायला या. मी मागच्या महिन्यात गेलो. मुद्दाम कुणाला न कळवता दुपारी अंजनगावला पोचलो आणि तिथूनच चारच्या गाडीत बसलो. फाट्यावर पोरींचा लोंढा चढला आणि त्यांच्या मागून साडू. काय वाळले होते. पण सीटवर टेकले नाहीत तोच पुढच्या बाकावरच्या कापूसवाल्याला त्यांनी काहीतरी विचारलं, तो मागे वळला, पलीकडच्या बाईनं मध्ये तोंड घातलं, एका पोरीनं दोघांना खोडून काढलं, आणि बघता बघता अर्धी गाडी देव आहे की नाही यावर येऊन भांडायला लागली. चालत्या गाडीतून उतरणार कोण? ओसरी त्यांना सापडली होती, फक्त ती चाकांवर होती. मी मागच्या बाकावर बसून हसत होतो आणि माझे डोळे भरून येत होते.

मग एकेक गाव यायला लागलं. पोरी उतरल्या, कापूसवाला उतरला. अचलपूरच्या अलीकडे गाडी जवळजवळ रिकामी झाली तेव्हा माझं लक्ष गेलं. साडूंच्या शेजारच्या सीटवर त्यांनी आपली दस्ती, म्हणजे हातरुमाल, अंथरून ठेवली होती, जागा धरायला ठेवतात तशी. गाडी गच्च होती, पोरी उभ्या होत्या, तरी त्या दस्तीला कुणी हात लावला नव्हता. मी कंडक्टरला हळूच विचारलं. तो म्हणाला, रोजचं आहे, कोनाची जागा म्हटलं तं म्हनतेत, येन कोनी तरी. मी उठलो, ती दस्ती उचलली, घडी करून त्यांच्या मांडीवर ठेवली आणि बसलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आश्चर्य वगैरे काही दाखवलं नाही. फक्त माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि खिडकीतून बाहेर बघत बसले.

अचलपूरचा स्टँड आला. ते सवयीनं म्हणाले, "बरं साडभाऊ, बाकीचं उद्या," आणि खाली उतरले. गाडी पुढे अमरावतीला जाणार होती, माझं तिकीट अमरावतीचं होतं. कंडक्टरनं दोरीला हात घातला आणि मी त्याला थांब म्हणून खाली उतरलो. गाडी धुरळा उडवत निघून गेली. साडू त्या गाडीकडे बघत राहिले, मग माझ्याकडे.

"गाडी गेली ना तुमची," ते म्हणाले.

मी म्हटलं, "जाऊ द्या." आणि घरी फोन केला की आज मी येत नाही, अक्कांच्या घरी मुक्काम आहे. पलीकडून माझी बायको म्हणाली, "बरं." मी फोन कानाला तसाच धरून राहिलो. बहिणी-बहिणींचा आवाज इतका सारखा असेल हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

चहा आला. आम्ही बाकावर बसलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्यासमोर बसलेल्या माणसाला कुठेही जायचं नव्हतं, आणि साडू गप्प. बशीतला चहा निवला. मग ते कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "काय तं इचारत होतो बाप्पा मी तुमाले... गंज दिवसांचं राह्यलं हाय." आठवायला लागले. आठवेना.

मला तो प्रश्न चांगला आठवत होता. पुरणपोळीच्या पहिल्या घासापासून आठवत होता. त्याचं उत्तर मला तेव्हा माहीत नव्हतं. त्या दिवशी गाडीत पोरींचं भांडण ऐकताना थोडंथोडं कळल्यासारखं वाटलं होतं. पण संध्याकाळच्या गाडीला अजून अवकाश होता, आणि पुढे रात्रभर त्या चुना मारलेल्या खोल्यांचा ओटा होता.

मी म्हटलं, "असू द्या. पहिल्यापासून सांगा."